खाडीच्या चिखलावरील दोन आरोप



वसंतातल्या व्याख्यानाचा विषय खरे म्हणजे मोहराच्या वासाचा असावा. तो सोडून मी आपणांस खाडीच्या काळ्या चिखलाकडे नेणार आहे. आणि त्याचा वास कसा असतो हे वाशीचा पूल आगगाडीने ओलांडणाऱ्या कोणासही वेगळे सांगावयास नको. तथापि या चिखलाला इतिहास आहे, आणि तो पुष्कळसा आरोपांचा इतिहास आहे. गेल्या अडीचशे वर्षांत त्याच्यावर दोनदा आरोप आला, आणि दोन्ही वेळा आरोपाचे शब्द जवळजवळ एकच: तू हवा बिघडवतोस. पहिला आरोप खोटा ठरला. पण तो खोटा ठरेपर्यंत शिक्षा बरीचशी अमलात येऊन गेली होती. दुसरा आरोप आज चालू आहे. तो अंशतः खरा आहे, आणि म्हणूनच कोणता अंश खरा हे नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पहिल्या आरोपाची सुरुवात उत्तर इटलीतून करू. १७७६ सालच्या शरद ऋतूत कार्लो ज्युसेप्पे कांपी नावाच्या पाद्र्याने आपला स्नेही आलेस्सांद्रो व्होल्टा याला कळविले की, एका पाणथळ जागी पेट घेणारी हवा जमिनीतून वर येते. पुढे विजेच्या घटामुळे ज्याचे नाव घरोघर गेले तोच हा व्होल्टा. तो त्याच नोव्हेंबरात माज्जोरे सरोवराच्या काठी अंजेरा गावाजवळ गेला, वेतांच्या बेटांमधून काठीने तळाचा गाळ ढवळू लागला, आणि वर येणारे बुडबुडे त्याने पाण्याने भरलेल्या उपड्या बाटलीत धरले. ज्योत लावताच ती हवा निळसर, संथपणे जळाली. आम्लात धातू टाकून मिळणारी ज्वालाग्राही हवा, म्हणजे आपला हायड्रोजन, ही नव्हे, हे त्याने ओळखले. दुसऱ्याच वर्षी या दलदलीच्या वायूवर त्याने कांपीला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध झाली. 'मिथेन' हे नाव मात्र नव्वद वर्षांनी, १८६६ साली, हॉफमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दिले.

आता मौज अशी की, व्होल्टाने या वायूच्या नादाने जे विजेच्या ठिणगीचे पिस्तूल बनविले, त्यातूनच हवेचा चांगुलपणा मोजण्याचे एक उपकरण तयार झाले. हवेचा चांगुलपणा मोजता येतो, ही त्या काळची मोठी आशा होती. कारण रोग हवेतून येतो आणि वाईट हवा दलदलीतून येते असे सारे युरोप मानीत असे. 'मलेरिया' या शब्दाचा इटालियन अर्थ तरी काय? वाईट हवा. चिखलातून बुडबुडे निघतात हे डोळ्यांना दिसत होते, दलदलीच्या काठी माणसे हिवतापाने मरतात हेही दिसत होते. मग या दोहोंची सांगड घालावयास कितीसा वेळ लागणार! आपल्याकडेही दलदलीवर रात्री दिसणाऱ्या उजेडाला भुताचे दिवे म्हणत. युरोपातल्या पंडितांनी भुताऐवजी वाफ म्हटले, एवढाच काय तो फरक.

ही समजूत घेऊनच इंग्रज मुंबईत आला. सात बेटे, मधून भरतीचे पाणी, काठाकाठाने तिवरांची रांग, आणि ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल. दोन पावसाळे हेच मुंबईत माणसाचे आयुष्य, अशी म्हण त्यांच्यात पडली होती. दोष कोणाचा? खाजणातून उठणाऱ्या हवेचा. १७८० नंतरच्या दशकात महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली समुद्राची वाट हॉर्नबीच्या बांधाने बंद झाली आणि मागची सखल जमीन पाण्याबाहेर आली. पुढच्या शतकात भरावावर भराव पडत गेले. जमिनीची हाव त्यामागे होती हे उघड आहे. पण लोकांपुढे सांगावयास आरोग्याचे कारण नेहमीच हाताशी असे. आणि मग १८९७ साली सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस याला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. हवा निर्दोष सुटली. पण तोवर मुंबईच्या कितीतरी खाजणांवर रस्ते आणि चाळी उभ्या राहिल्या होत्या.

यावरून कोणी असे समजू नये की, खाडीला बांध घालणारा प्रत्येक हात इंग्रजाचा होता. कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाने इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून भरतीशी झुंज घेतली आहे, आणि ती हवेसाठी मुळीच नव्हे, भातासाठी. कुलाब्याच्या जुन्या गॅझेटियरात शिलोत्री खारजमिनींचे वर्णन आहे. बाहेरचा समुद्राकडचा बांध शिलोत्रदाराने सांभाळावयाचा आणि आतले बांध रयतेने, अशी ती व्यवस्था. बांधाला उघाडी ठेवलेली असते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिच्यातून बाहेर पडते, आणि भरती चढू लागली की पाण्याच्याच दाबाने तिची दारे मिटतात. गोव्यात तिलाच मानस म्हणतात. पावसाने मीठ धुऊन काढले की आत राता नाही तर कोरगुट यांसारखे खारे सोसणारे भात होते. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली म्हणजे रात्री-अपरात्री सारा गाव माती घेऊन धावत असे. या खारेपाटातल्या कुळांनीच १९३३ साली चरी येथे खोतांविरुद्ध संप पुकारला आणि नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली तो १९३९ पर्यंत चालविला. इतकी वर्षे शेते पडीक टाकून, मोलमजुरी करून ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या बांधाकडे निव्वळ निसर्गावरचे आक्रमण म्हणून बोट दाखविणे मला प्रशस्त वाटत नाही.

परंतु बांधाच्या आत चिखलाचे काय होते, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नव्हता, आणि विचारला असता तरी उत्तर देण्यास कोणी समर्थ नव्हते. ते उत्तर हॉलंडातल्या एका गावी तयार होत होते.

हॉलंडचा आणि आपल्या किनाऱ्यावरच्या या झाडांचा संबंध जुना आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस मलबारातला डच गव्हर्नर व्हान रीड याने वनस्पतींचे जे बारा खंड छापविले, त्यांत 'कांडेल' म्हणून या कुळातली झाडे चित्रांसह आली आहेत. आपण ज्याला कांदळ म्हणतो त्याचाच हा मलबारी भाऊबंद. पण मी म्हणतो ते गाव डेल्फ्ट, आणि काळ दोनशे वर्षे पुढचा. १८९५ साली मार्टिनस बायेरिंक याने तेथे चिखलातला एक सूक्ष्म जीव वेगळा काढला. हवेतला प्राणवायू त्याला लागत नाही. पाण्यात विरघळलेल्या सल्फेटातला प्राणवायू घेऊन तो कुजका पालापाचोळा पचवितो, आणि मागे टाकतो तो हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. १९०६ साली त्याच बायेरिंकचा शिष्य सोंगेन याने, मिथेन निर्माण करणारे जीव कोणते आणि तो खाणारे कोणते, यावर आपला प्रबंध लिहिला. म्हणजे चिखलातले दोन प्रतिस्पर्धी एकाच प्रयोगशाळेत, गुरुशिष्यांच्या हातून उजेडात आले. ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत हे मात्र नीट उमगण्यास आणखी बराच काळ गेला. १९७४ साली मार्टेन्स आणि बर्नर या दोघा अमेरिकनांनी समुद्राच्या गाळात खाली खाली जात पाहिले तेव्हा त्यांना आढळले की, जेथपर्यंत सल्फेट पोहोचते तेथपर्यंत मिथेन जवळजवळ नाही. सल्फेट संपले की मिथेन सुरू.

हे असे का होते? खाणावळीत दोन गिऱ्हाईके आहेत आणि ताट एक आहे असे समजा. पालापाचोळा कुजून हायड्रोजन आणि ॲसिटेट तयार होतात, तेच दोघांचेही अन्न. सल्फेटावर जगणाऱ्याला त्यातून अधिक बळ मिळते, म्हणून तो ताट आधी पुसून काढतो आणि मिथेन करणारा उपाशी राहतो. आणि सल्फेट येते कोठून? समुद्रातून. एक लिटर सागरजलात ते सुमारे पावणेतीन ग्रॅम असते. नदीच्या गोड्या पाण्यात त्या मानाने नगण्य. दिवसातून दोनदा येणारी भरती ही चिखलाला सल्फेटाचा शिधा पोहोचविते. गोड्या पाण्याच्या दलदली आणि भाताची खाचरे मिथेन सोडतात, आणि खारी दलदल त्या मानाने गप्प असते, यातले रहस्य हे.

तेव्हा वाशीच्या पुलावर आपण ज्या वासाला नाक मुरडतो, त्यात सांडपाण्याचा वाटा सोडून दिला, तर उरलेला वास या पहारेकऱ्याचा आहे. मिथेनला स्वतःला मुळीच वास नाही. दुर्गंधी येते तेथे पहारा जागा आहे, एवढे तरी म्हणता येते. आपल्या नाकाने दोनशे वर्षे नेमकी उलटी साक्ष दिली!

आता साठ्याची गोष्ट. कांदळवनाच्या मुळ्या जाळ्यासारख्या पसरतात, भरतीबरोबर आलेला गाळ त्यांत अडकतो, पाने आणि मुळ्या त्यात गाडल्या जातात, आणि प्राणवायू नसल्यामुळे त्या फार हळू कुजतात. २०११ साली हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या काठच्या पंचवीस कांदळवनांचे मोजमाप प्रसिद्ध झाले. सरासरी एका हेक्टरात सुमारे १,०२३ टन कार्बन निघाला. आणि त्यातला निम्म्यापासून ९८ टक्क्यांपर्यंतचा भाग झाडांत नसून जमिनीत होता. त्यापूर्वी दोनच वर्षे, २००९ साली, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी समुद्राकाठच्या या साठ्याला 'निळा कार्बन' असे नाव दिले होते. सावकारी भाषेत बोलावयाचे तर दरसाल हेक्टरी दीड-दोन टनांचे व्याज पडते, पण खरी पुंजी मुद्दलात आहे, आणि ते मुद्दल शेकडो वर्षांचे आहे.

येथे दुसरा आरोप पुढे येतो. आपल्या वातावरणात मिथेन आहे हे १९४८ साली मिजोत या बेल्जियन शास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटावरून दाखविले. औद्योगिक युगापूर्वी तो हवेच्या एक अब्ज भागांत सातशेच्या थोडा वर होता. आज १,९०० च्या वर आहे. हवेत तो दहा-बारा वर्षेच टिकतो, पण तेवढ्यात उष्णता अडविण्याचे काम तोलास तोल कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे सत्तावीसपट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ऐंशीपट करतो. मग ज्या चिखलात कार्बन साठतो, त्याच चिखलातून मिथेन निघत असेल तर साठ्याचे कौतुक कशाला, असा प्रश्न विचारला गेला, आणि तो रास्त होता.

रास्त प्रश्नालाही अंदाजाचे उत्तर पुरत नाही, हे आपण भारतीयांनी एकदा अनुभवले आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या हिशेबात भारतातल्या भातशेतीच्या नावावर दरसाल सदतीस-अडतीस दशलक्ष टन मिथेन मांडला गेला होता. युरोपातल्या थोड्या खाचरांचे आकडे आपल्या साऱ्या शेतीला लावले म्हणजे असे होते. १९९१ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे अ. प. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली देशभरच्या शेतांत प्रत्यक्ष मोजणी झाली, आणि आकडा चार दशलक्ष टनांच्या आसपास आला. जवळजवळ नऊ पटींची चूक, आणि ती देखील कोट्यवधी गरीब शेतकऱ्यांच्या माथी! तेव्हा कांदळवनांच्या बाबतीतही प्रत्यक्ष मोजले काय आहे, तेच पाहिले पाहिजे.

ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबात वीस वर्षांचे कडक माप लावूनही गाडल्या जाणाऱ्या कार्बनच्या लाभातून मिथेनपायी सरासरी वीस टक्के वजा झाले. रुपयाच्या व्याजाला वीस पैसे बट्टा. हा बट्टा खोटा नाही. चिखलातली काही द्रव्ये सल्फेटवाल्याला विशेष लागत नाहीत, ती मिथेन करणाऱ्याला निवांत मिळतात. म्हणून खाऱ्या पाण्यातही पहारा अगदी कडेकोट नसतो. जो कोणी कांदळवनाचा कार्बन विकावयास निघेल आणि हा बट्टा सांगणार नाही, त्याची वही मी खरी मानणार नाही. पण बट्टा पडतो म्हणून पेढीच मोडा, असे सांगणाऱ्याचे गणितही कच्चेच आहे. कारण बट्टा व्याजावर आहे. वन तोडले म्हणजे जाते ते मुद्दल.

शिवाय बट्टा सर्वत्र सारखा नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख येथे आहे. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातील संशोधकांनी २००० सालच्या सुमारास दक्षिण भारतातल्या कांदळवनांची तुलना केली, तेव्हा शहराचे सांडपाणी जेथे येऊन मिळते तेथे मिथेन अधिक निघताना आढळला. यात नवल नाही. सांडपाणी म्हणजे एकीकडे गोडे पाणी, म्हणून सल्फेटाचा शिधा पातळ; आणि दुसरीकडे कुजणाऱ्या अन्नाची रास, म्हणजे दोघांनाही पुरून उरेल इतके वाढलेले ताट. उत्तर ऑस्ट्रेलियात कार्पेंटेरियाच्या आखातावर २०१५-१६ मध्ये हजार किलोमीटर किनाऱ्यावरची सुमारे ७,४०० हेक्टर कांदळवने वाळून गेली. त्या वाळलेल्या उभ्या खोडांतून, जवळच्या जिवंत झाडांच्या खोडांपेक्षा आठपट मिथेन निघत असल्याचे तेथे दिसून आले.

आणि बांधाच्या आत? तेथे आधी चिखल उघडा पडून वाळतो, हवा आत शिरते, आणि शतकांचा कार्बन जळू लागतो. सल्फेटवाल्याने गंधक आणि लोह एकत्र बांधून ठेवलेले असते, त्याला हवा लागली की गंधकाम्ल होते. काही नव्या खारजमिनी सुरुवातीला पिकत नाहीत, त्याचे एक कारण हे. मग पाऊस मीठ धुऊन काढतो, मिठाबरोबर सल्फेटही धुतले जाते, खाचरात पाणी उभे राहते, आणि मिथेन करणाऱ्याला रान मोकळे. मात्र जुन्या गोवेकरांची पद्धत थोडी निराळी होती. भात निघाले की उन्हाळ्यात मानस उघडून ते खारे पाणी मासळी-कोळंबीसाठी आत घेत. सल्फेटाचे नाव त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण वर्षातले काही महिने पहारेकरी पुन्हा कामावर येत असे.

ही व्यवस्था मोडली ती कोणाच्या दुष्टपणाने नव्हे. १९४८ च्या कूळकायद्याने कसणारा मालक झाला, ते न्याय्यच झाले. पण शिलोत्रदार गेल्यावर बाहेरचा बांध कोणाचा? त्याच साली खारजमिनींचा स्वतंत्र कायदा करून सरकारने तो भार काही अंशी घेतला, १९७९ साली नवा कायदा केला. गोव्यातही १९६४ च्या कूळकायद्यानंतर बांध गावकारीच्या हातून कुळांच्या संघांकडे गेले. कागदावर मालक ठरला, माती घेऊन धावणारा गाव मात्र हळूहळू पांगला. खांडी पडल्या, त्या बुजल्या नाहीत, आणि रायगडच्या खारेपाटात अनेक शेतांवर तिवरे पुन्हा उभी राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर कांदळवनांची तोड थांबविण्याचा अंतरिम आदेश दिला आणि २०१८ साली तो अंतिम निकालाने पक्का केला. त्या आधीच्या जुलैत मुंबईने जो पूर पाहिला होता, तो ध्यानात घेता या आदेशाची निकड वेगळी सांगावयास नको. पण ज्याच्या वडिलोपार्जित शेतात बांध फुटून तिवर आले, त्या शेतकऱ्याला ते तोडता येत नाही आणि त्या वनाचे काही मिळतही नाही. निळ्या कार्बनच्या वहीत त्याच्या नावाचे खातेच नाही.

ठाणे खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान मिळाला, राज्यात कांदळवनांसाठी २०१२ पासून वेगळा कक्ष आहे, हे सारे स्तुत्य. मात्र कोयता थांबला म्हणजे खाडी वाचली असे होत नाही. नाल्याचे तोंड खाडीत उघडे आहे तोवर तिवर उभे राहील आणि त्याच्या मुळाशी मिथेन वाढत राहील. वरून पाहणाऱ्याला हिरवे रान तेवढे दिसेल. भरतीची वाट एखाद्या रस्त्याच्या भरावाने अडली, तरी तेच. झाडे मोजणाऱ्या नकाशात यांपैकी काही उमटत नाही.

केनियात मोंबासाच्या दक्षिणेस गाझी नावाचा उपसागर आहे. तेथे २०१३ पासून कोळी आणि शेतकऱ्यांच्या दोन गावांनी अवघ्या ११७ हेक्टर कांदळवनाचा कार्बन विकण्यास प्रारंभ केला. त्यांनी योजनेला नाव दिले 'मिकोको पमोजा', म्हणजे स्वाहिलीत 'कांदळवने, सर्वांनी मिळून'. आलेल्या पैशाचा विनियोग गावाने सभेत ठरवावयाचा असतो. आणि त्यातून गावात पिण्याच्या पाण्याची सोय झाली, शाळेला पुस्तके आली. अलिबागच्या खारेपाटाहून ते रान काही फार निराळे नाही. भरती तीच, चिखल तोच, आणि वासही बहुधा तोच असावा.